उजवीकडची काच

समजा, तुम्हाला गाडी घ्यायची आहे. रोजच्या वापराची. सकाळी बायकोला सोडायचं, तिथून कामावर जायचं, येताना कोबी आणि टोफू घ्यायचा, एवढंच तिचं काम. आणि तुमच्यासमोर उभी आहे सव्वीस वर्षांची, दोनच माणसांची, जमिनीला पोट टेकल्यासारखी जर्मन स्पोर्ट्स कार. स्टिअरिंग डावीकडे, म्हणजे आपल्या रस्त्यांवर चुकीच्या बाजूला. हीटर मनात आलं तर चालतो. सगळा जोर मागच्या चाकांना, म्हणजे नागाओकाच्या बर्फात ती सरळ कमी आणि आडवी जास्त जाणार. रस्त्यावरचा बर्फ वितळवायला सोडतात ते तांबूस पाणी चार महिने खालून पत्रा खात राहणार. तुम्ही आधी काय तपासाल?

मी असते तर गाडी लिफ्टवर चढवून खालचा गंज पाहिला असता. मग इंजिन, मग पाण्याचा पंप. कुवाबारा-सान यांनी यातलं काहीच पाहिलं नाही. ते थेट उजव्या दाराशी गेले आणि आत हात घालून बटण दाबलं. काच अर्ध्यापर्यंत खाली आली, थरथरली आणि तिरकी होऊन अडकली.

"ही नीट होईल का?" त्यांनी मला विचारलं.

आमच्या गॅरेजचे मालक होंमा आणि कुवाबारा तेइजी शाळेत एका बाकावर बसायचे. त्यामुळे होंमांच्या तोंडाला लगाम नव्हता.

"अरे तेइजी, इंजिन बघ इंजिन! मुलगी बघायला आलेल्या माणसाने तिची छत्री बघून होकार द्यावा, तसलं चाललंय तुझं."

"इंजिन तू बघ. चाळीस वर्षं दुसरं काय केलंस?"

"अडुसष्ट वर्षांचा झालास. आपल्या वर्गातली माणसं लायसन्स परत करायला लागली आणि तू स्पोर्ट्स कार घेतोस. याला म्हातारचळ म्हणतात."

"म्हातारचळ तर म्हातारचळ. काच नीट होईल का, ते सांग."

काच वर-खाली करणारा भाग जर्मनीहून यायला सहा आठवडे लागले. तेवढे दिवस कुवाबारा-सान रोज दुपारी यायचे. चौतीस वर्षं त्यांनी शहर बस चालवली होती. निवृत्तीनंतर ते सेंबेच्या, म्हणजे तांदळाच्या खारट बिस्किटांच्या, कारखान्यात सकाळची पाळी करत. येताना मोडक्या सेंबेची पिशवी आणायचे, माझ्या टेबलावर ठेवायचे आणि विचारायचे, "आली का?" बाकी गाडीत काय काय बदलावं लागेल याची मी केलेली यादी त्यांनी एकदाही पूर्ण वाचली नाही. मला त्यांचा थोडा रागच यायचा. एवढी जुनी गाडी रोज चालवायची तर पाण्याच्या नळ्या काचेपेक्षा महत्त्वाच्या, हे बस चालवलेल्या माणसाला सांगावं लागतं?

कारण मला नंतर कळलं. होंमांनाही तेव्हाच कळलं.

पंचविशीत कुवाबारा-सान तोक्योत, परदेशी गाड्या विकणाऱ्या एका दुकानात कामाला होते. विकलेली गाडी गिऱ्हाइकाच्या घरी पोचवायची, हे त्यांचं काम. नोबुए-सान तिथेच कार्यालयात होत्या. डावीकडे बसून गाडी चालवणाऱ्याचा हात टोलनाक्याच्या खिडकीपर्यंत पोचत नाही, म्हणून लांब जायचं असलं की दुकान दोघांना पाठवायचं. नोबुए-सान उजवीकडे बसायच्या. नाका आला की काच खाली करून तिकीट घ्यायच्या, ते दोन बोटांत धरून चालवणाऱ्याच्या हातावर दोनदा टकटक करायच्या आणि म्हणायच्या, "चला." सेन्दाई, नागोया, एकदा तर पार हिरोशिमा. लग्न त्यातूनच झालं. मग कुवाबारा-सानांचे वडील अंथरुणाला खिळले, दोघं नागाओकाला परत आली, आणि त्यानंतर त्यांच्या दारात कायम सर्वांसारखी छोटी पांढरी गाडी उभी राहिली.

पाच वर्षांपूर्वी नोबुए-सान विसरायला लागल्या. आधी भात लावल्याचं, मग घराचा रस्ता, मग मुलीचं नाव. संध्याकाळ झाली की त्या नवऱ्याला अगदी अदबीने विचारायच्या, "उशीर झाला हो, तुमच्या घरची माणसं वाट बघत असतील ना?" कुवाबारा-सान म्हणायचे, "हो, निघतोच आता," आणि दहा मिनिटं बागेत उभे राहून परत आत यायचे.

गाडी घेतली त्या वर्षी सप्टेंबरात कुवाबारा-सान पांढरी गाडी तपासणीला घेऊन आमच्याकडे आले होते. कोपऱ्यात वारलेल्या एका दंतवैद्याची ही जर्मन गाडी विक्रीसाठी उभी होती. कागदांवर सही करून वळून बघतात तर नोबुए-सान बाकावर नाहीत. त्या जर्मन गाडीत बसल्या होत्या, उजव्या सीटवर, ताठ. अर्ध्या उघड्या काचेतून हात बाहेर काढला होता आणि वाट बघत होत्या. कुवाबारा-सान पळत जाऊन डावीकडे बसले. खिशात आमच्या गॅरेजची पावती होती, ती ते काचेवरून हात बाहेर घालून त्यांच्या बोटांत द्यायला गेले, पण डावीकडून हात पोचेना. शेवटी त्यांनी ती त्यांच्या मांडीवर ठेवली. नोबुए-सानांनी ती उचलली, नवऱ्याच्या हातावर दोनदा टकटक केलं आणि म्हणाल्या, "चला."

सात महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी आपणहून नवऱ्याला हात लावला होता. एवढं बघून या माणसाने गाडी घेतली होती.

ऑक्टोबरअखेर गाडी तयार झाली. नोबुए-सानांना दिवसभर सांभाळणारं वृद्धांचं केंद्र इस्पितळाच्या आवारात आहे आणि आवाराच्या तोंडाशी पार्किंगचं तिकीट देणारं यंत्र होतं. रोज सव्वाआठला ती बुटकी निळी गाडी रांगेत लागायची. काच खाली. हात बाहेर. टकटक. चला. कुवाबारा-सान आमच्याकडे तेल बदलायला यायचे तेव्हा पोरासारखे खुलून सांगायचे, "आज यंत्राने तिकीट द्यायला उशीर केला, तर चक्क रागावली त्याच्यावर."

"तुझ्यावर कधी रागावते?" होंमा विचारायचे.

"रागावेल. हळूहळू. नाव घेऊन रागावेल बघ."

सगळी आशा त्यांनी याच्यावर ठेवली होती. तिकीट ज्याच्या हातात देते, तो कोण आहे हे तिला ठाऊक आहे. हात पोचलाय, आज ना उद्या नावही पोचेल.

मुलगी चिहारु साइतामाला असते. नवीन वर्षाला ती आली आणि गाडीचं एक चाक बदलायला वडिलांबरोबर गॅरेजमध्येही आली. माझ्यासमोरच दोघांचं जुंपलं.

"बाबा, केंद्राची व्हॅन दारात येते. गरम असते. आईला खाली वाकून बसावं लागत नाही. आणि तुम्ही तिला या डब्यात कोंबून नेता, हीटर नसताना!"

"हीटर आहे. कधी कधी."

"ती तिकीट कोणालाही देईल. यंत्रासारखं झालंय ते. तुम्हाला कळतंय, पण कळून घ्यायचं नाहीये."

कुवाबारा-सान चाकाचे नट मोजत असल्यासारखे बघत राहिले. "कोणालाही नाही देणार," ते म्हणाले.

फेब्रुवारीत त्यांना फ्लू झाला. ताप चढलेला, घरी ठेवलं तर बायकोला होणार, आणि व्हॅन तर त्यांनीच बंद केलेली. होंमांना फोन आला. "मिझुहोला पाठव. पण माझीच गाडी न्या. दुसऱ्या गाडीत ती बसेल न बसेल."

मी गेले. नोबुए-सान मफलर गुंडाळून दारात तयार होत्या. मला नमस्कार केला, गाडीत बसल्या. रस्त्याकडेच्या बर्फाच्या भिंतींमधून मी जीव मुठीत धरून चालवत होते. इस्पितळाच्या रांगेत नऊ गाड्या होत्या. ती गाडी उभी राहिली की तापते, पंखा उशिरा लागतो, हे मला पक्कं माहीत होतं. मी तापमानाच्या काट्यावरून नजर काढली नाही. आमचा नंबर आला. काच खाली गेली, थंड हवा आत आली, आणि माझ्या हातावर दोनदा टकटक झालं.

"चला."

मी तिकीट घेतलं. त्या क्षणी नोबुए-सान कुठे बघत होत्या, मला ठाऊक नाही. मी काट्याकडे बघत होते.

संध्याकाळी फोनवर कुवाबारा-सानांचा आवाज बसलेला होता. "घेतलं तिने तिकीट?"

"घेतलं."

"आणि तुला दिलं?"

इथे मी खोटं बोलायला हवं होतं. पण आमच्या कामात विचारलेल्याचं उत्तर जसं आहे तसं द्यायची सवय लागते. ब्रेक किती झिजलाय विचारलं तर मिलिमीटरमध्ये सांगायचं.

"दिलं," मी म्हणाले.

"टकटक?"

"हो. दोनदा."

"बरं," ते म्हणाले. "फार उपकार झाले."

आठवड्याने ते स्वतः आले. या वेळी मोडक्या सेंबेची पिशवी नव्हती. दुकानातून बांधून आणलेला, वर आभाराची पट्टी लावलेला डबा होता, परक्या माणसाला देतात तसा. दोन्ही हातांनी पुढे केला आणि कमरेत वाकले. मला तो घेताना कसंतरी झालं.

गाडी मात्र रोज जात राहिली. काय म्हणून नेत होते, कोणी विचारलं नाही.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात ते परत आले, गाडीच्या उजव्या दारात पाणी गेलंय म्हणून. मी दाराचं आतलं आवरण उघडलं. कापूस चिंब भिजला होता, मोटरच्या तारांवर हिरवट गंज चढायला लागला होता.

"एवढा पाऊस आत कसा गेला? काच उघडी राहिली होती?"

"तीन दिवस उघडीच आहे," ते म्हणाले. मग माझ्या शेजारी उलट्या ठेवलेल्या पेटीवर बसले. "इस्पितळात यंत्र काढलं. आता कॅमेरा आहे. नंबरपाटी वाचतो आणि दांडा आपोआप वर होतो. आत सूचना लावली होती म्हणे, मी वाचली नाही."

मी तारा पुसत राहिले.

"मंगळवारी गेलो. आम्ही थांबायच्या आधीच दांडा वर. तिचा हात बाहेर. बाहेर काहीच नाही, नुसता खांब. पाऊस पडत होता. मी म्हटलं, अगं, हात आत घे. घेईना. बाही भिजली कोपरापर्यंत. मागे गाड्या लागल्या. पहारेकरी आला, छत्री धरून उभा राहिला बिचारा, वाकून माफी मागतोय. त्याची काय चूक? शेवटी मीच हात ओढून आत घेतला तर घाबरली. म्हणाली, कोण तुम्ही?"

"मग?"

"बुधवारीही तेच. काल मी घरून एक जुनं तिकीट घेऊन गेलो. एक खिशात राहिलं होतं. गाडी थांबवली, उतरलो, पुढून वळसा घालून तिच्या बाजूला गेलो आणि बाहेरून तिच्या बोटांत दिलं. यंत्र देतं तसं. घेतलं. लगेच घेतलं. मी पळतच परत आलो, म्हटलं आता मला देईल."

होंमा चहा घेऊन आले होते, ते तसेच उभे राहिले.

"मी दार उघडलं तर तिकीट माझ्या सीटवर पडलेलं. रिकाम्या सीटवर. मी नव्हतोच ना तिथे. तिने दिलं होतं. समोर बघत बसली होती, आता निघणार म्हणून."

"तेइजी," होंमा हळूच म्हणाले, "पावसात गडबडली असेल रे ती."

"असेल." त्यांनी चहा घेतला, पण प्यायले नाहीत. "पण मी काल रात्रभर दुसराच विचार करतोय. मला तिकीट देताना ती कधीच माझ्याकडे बघायची नाही. हिरोशिमाला गेलो तेव्हाही नाही. नजर समोर रस्त्यावर, हात माझ्याकडे. तेव्हा मला वाटायचं, घरच्या माणसाकडे कशाला बघायचं? तो असतोच तिथे. म्हणून सीटवर ठेवलं असेल. मी असणारच असं धरून. परका असता तर आधी वळून बघितलं असतं, की नाही?"

मी हातातली तार खाली ठेवली.

"मिझुहो, नीट आठवून सांग. फेब्रुवारीत तिने तुला तिकीट दिलं, तेव्हा तुझ्याकडे वळून बघितलं होतं का गं?"