घड्याळ मात्र स्पष्ट

भिंगोजी हे काही त्याचं खरं नाव नव्हे. जिन्याखालच्या दुकानात तीस वर्षं कॅमेरे दुरुस्त करणाऱ्या माणसाला गल्लीने ते बहाल केलं होतं, आणि आता खऱ्या नावाने हाक मारली तर तो स्वतःसुद्धा वळून बघत नसे.

येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाची तक्रार एकच: "फोकस गेलाय." जणू फोकस घरातून न सांगता निघून गेला होता. एका काकूंच्या घरच्या बारा माणसांच्या फोटोत फक्त कुंडी स्पष्ट आली होती. भिंगोजीने फोटो निरखला आणि म्हणाला, "काकू, कुंडी सगळ्यांच्या पुढे ठेवलीत, कॅमेऱ्याने ती धरली. पुढच्या वेळी नातेवाईक पुढे ठेवा, कुंडी मागे." एका जावईबापूंनी भिंगाच्या बाजूचं बटण 'ऑटो'वरून हलवून ठेवलं होतं आणि महिनाभर कॅमेरा बनवणाऱ्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार चालवला होता. भिंगोजीने नखाने ते बटण परत सरकवलं आणि त्यांच्याकडे असं पाहिलं, की ते पुन्हा कधी त्या गल्लीत दिसले नाहीत. जगात बिघडलेले कॅमेरे थोडे आणि बिघडलेली माणसं फार, असं त्याचं ठाम मत होतं. स्वतःला तो या मोजणीत अर्थातच धरत नसे.

त्याला एक मोठा भाऊ होता. होता म्हणजे चांगला धडधाकट, शहराच्या दुसऱ्या टोकाला. वडील गेले तेव्हा त्यांच्या कॅमेऱ्यावरून दोघांची जुंपली. दादा म्हणाला, "मी ठेवतो. तुझ्याकडे दिला तर खोलून ठेवशील." भिंगोजी म्हणाला, "तुझ्याकडे दिला तर भिंगाचं झाकणसुद्धा निघायचं नाही." एवढ्या थोर मुद्द्यावर दोन शहाण्यासुरत्या माणसांनी आठ वर्षं अबोला धरला. दोघांच्या बायकांचं मेतकूट जमलं होतं, मुलंही एकत्र खेळत. कॅमेरा कुणाकडेच गेला नाही, तो आईकडे राहिला. दरवर्षी आपल्या वाढदिवसाला त्या दोन्ही घरं बोलवायच्या, दिवाणखान्यात उभी करायच्या आणि स्वतः फोटो काढायच्या.

अशा त्या आई एका दुपारी कापडी पिशवी घेऊन दुकानात आल्या आणि गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसल्या.

"तपास हा," त्या म्हणाल्या. "आठ वर्षं फोटो धूसर येतायत. दादा म्हणतो, आईचे हात कापतात, डोळेही गेले, आता एकटीने राहायचं नाही. रविवारी खोकी घेऊन येतोय माझं सामान भरायला."

"आणि तुला जायचंय?"

"मला माझ्या घरात राहायचंय. पण दोष माझ्यात असेल तर मी मुकाट्याने खोकी भरेन. तू खरं काय ते सांग. मुलगा म्हणून नको, भिंगोजी म्हणून सांग."

भिंगोजीने कॅमेरा घेतला. भिंग पुसलं, भिंगाच्या जोडाची पितळी टोकं साफ केली, फोकस तपासायला समोर पट्टी तिरकी ठेवून चार-चार वेळा फोटो काढला. प्रत्येक वेळी फोकस जिथे हवा तिथेच. ठणठणीत कॅमेरा बघून इतकं वाईट त्याला आयुष्यात वाटलं नव्हतं. एरवी अशा वेळी गिऱ्हाइकाला चार शब्द सुनवायला त्याची जीभ शिवशिवायची. आज ती टाळ्याला चिकटली. आतला एखादा स्क्रू ढिला होता असं सांगून टाकावं, असंही क्षणभर मनात आलं. मग सवयीने त्याने कॅमेऱ्यातले जुने फोटो मागच्या पडद्यावर आणले.

हे फोटो त्याने कधी पाहिलेच नव्हते. आई दरवर्षी पाकिटात घालून एकेक प्रत द्यायच्या आणि तो ते पाकीट न उघडता खणात टाकायचा, कारण त्यात दादा असायचा. गावभरच्या कुटुंबांचे धूसर चेहरे तपासणाऱ्या तज्ज्ञाने आपल्या घरच्यांचे आठ वर्षांत एकदाही बघितले नव्हते, आणि त्याबद्दल त्याला मोठा अभिमानही होता.

पहिला फोटो त्याने मोठा करून पाहिला. दादाचं कुटुंब डावीकडे, त्याचं उजवीकडे. सगळे चेहरे धूसर. मागच्या भिंतीवरचं घड्याळ मात्र लख्ख, सेकंदकाट्यासकट. दुसऱ्यात तेच. आठही फोटोंत घड्याळ असं आलं होतं, की वाढदिवस त्याचाच असावा.

"आई, तुझे हात कापत नाहीत," तो म्हणाला. "हात हलला असता तर घड्याळही धूसर आलं असतं." त्याच्या छातीवरचं ओझं उतरलं, आणि आवाजात नेहमीचा शहाणपणा परतला. "तू नेम चुकीचा धरतेस. फोकसचा मधला चौकोन कुठे ठेवतेस?"

"मधोमध. तुझ्या बाबांनी शिकवलं तसं."

"मधोमध नाही गं. माणसावर ठेवायचा."

"कोणत्या?" आईने विचारलं.

भिंगोजी पुन्हा भिंग पुसू लागला.

"तुझ्यावर ठेवला तर दादाला वाटणार, धाकटा लाडका. त्याच्यावर ठेवला तर तू रुसणार. म्हणून मी बरोबर दोघांच्या मध्ये ठेवते."

त्याने पुन्हा फोटो पाहिला. दोघांच्या मध्ये एक माणूस आरामात उभा राहील एवढी जागा होती, आणि तिथे फक्त भिंत होती. कॅमेऱ्याने इमानेइतबारे तीच टिपली होती.

"यात काहीही बदलायचं नाही," आई पिशवी उचलत म्हणाल्या. "बाबांनी लावलंय तसंच राहू दे." म्हणजे फोकसची बटणं फिरवून, दादाशी न बोलता सुटका करून घ्यायची वाटही बंद झाली. त्या रात्री कॅमेऱ्यांच्या डॉक्टरला झोप लागली नाही.

रविवारी आईच्या वाढदिवसाला दोन्ही घरं जमली आणि दादा पुठ्ठ्याची सहा खोकी घेऊन हजर झाला. सगळे उभे राहिले, दादा डावीकडे, भिंगोजी उजवीकडे, मधली जागा नेहमीसारखी राखीव. आईने कॅमेरा डोळ्याला लावला.

"दादा," भिंगोजी म्हणाला. "इकडे सरक."

दादाने भिंतीकडे बघत विचारलं, "का?"

"तुझी खोकी चुकलीत म्हणून. आईचा हात हलत नाही. आपल्या दोघांच्या मधून तिला भिंत दिसते, आठ वर्षं ती भिंतीचाच फोटो काढतेय." त्याने खणातून आणलेला एक फोटो खिशातून काढून दादाच्या हातात दिला. "घड्याळ बघ."

दादाने चष्मा कपाळावर चढवला आणि बराच वेळ घड्याळ पाहिलं. मग पुटपुटला, "तू सरक."

"मी का? तू मोठा आहेस."

"दोघं सरका," आई म्हणाल्या.

दोघं सरकले. खांद्याला खांदा लागला तसे दोघंही एकदम ताठ झाले, पण हलले नाहीत. बटण दाबलं गेलं.

आईने मागच्या पडद्यावर फोटो पाहिला, मोठा केला, पुन्हा पाहिला. त्यांचे डोळे भरून आले.

"काय गं, बिघडला?" दादाने घाबरून विचारलं.

"घड्याळ धूसर आलंय," त्या म्हणाल्या. "आणि तुम्ही दोघं किती पिकलात रे. मला माहीतच नव्हतं."

दादाने एक खोकं उगाचच उघडून परत मिटलं.

"आणलंच आहेस तर ते जुने आठ फोटो त्यात भर," आई म्हणाल्या. "चार तुझ्या घरी, चार ह्याच्या. दारासमोर लावा, येताजाता दिसतील असे. बाकीची पाच खोकी रद्दीवाल्याला दे."

आठ फोटोंना खोकं कशाला लागतंय? पण दोघं भाऊ ते दोन बाजूंनी धरून जिना उतरले. दुसऱ्या मजल्यावर दादा म्हणाला, "जरा हळू," आणि भिंगोजीने पाऊल आवरलं.