काळा कान

दुपारची भाकरी अंगावर आलीय. जयसिंगपूरच्या गॅरेजात, दुरुस्तीला आलेल्या गाडीच्याच मागच्या सीटवर आण्णाप्पा चौगुले पाय दुमडून पडलाय. डोळे मिटतात, पण कानातलं कुंईं कुंईं काही मिटत नाही.

आजवर अख्ख्या गावाची टर उडवली त्यानं, आज ही गाडी त्याची उडवतेय. इंजिनाच्या पट्ट्यावर पाणी मारलं, आवाज तसाच. म्हणजे पट्टा निर्दोष, कुठल्या तरी पुलीचं बेरिंग रडतंय. हातानं फिरवल्या तर चारही पुल्या गप्प. इंजिन जोरात फिरलं की मगच रडणं सुरू. तेव्हा स्क्रूड्रायव्हर पुलीच्या बोल्टाला टेकवायचा, त्याच्या मुठीला कान लावायचा, म्हणजे रडणारी पुली कळते. पण ॲक्सिलेटर दाबायला सीटवर दुसरा माणूस लागतो, आणि तो दुसरा माणूस, त्याचा भागीदार मिरासाहेब, दिवाळीच्या तोंडावर गेला. मुठीला गुपचूप ग्रीस चोपडून एकमेकांचा कान काळा करायचा, ही दोघांची जुनी खोडी. तेव्हापासून मूठ स्वच्छ आहे.

संध्याकाळी डॉक्टरीणबाई गाडी न्यायला येणार. आवाज सापडला नाही तर गाडी नाक्यावरच्या गॅरेजात जाणार, आणि आण्णाप्पाचं एकट्यानं भागत नाही हे गावाला कळणार.

पुढची सीट करकरते.

"मर्दा, गिऱ्हाइकाच्या गाडीत घोरतोस व्हय?"

"तू मेलास न्हवं?"

"मेलोय की. दाबू का?"

आण्णाप्पा बॉनेट उचलतो. आत रसवंती. बाकडं, लिंबाच्या फोडी, घुंगरं बांधलेली चार चाकं. घुंगरं हलतात, पण वाजत नाहीत. मिरासाहेब बाकड्यावर बसलाय आणि सीटवरही बसलाय.

आण्णाप्पा पहिल्या चाकाला कान लावतो. आत पाणी खळखळतं. दुसरं गुणगुणतं. तिसरं बारकं. ते काही ओढत नाही, काही चालवत नाही, नुसतं मधे बसून पट्टा ताणून धरतं. कान लावताच आतून कुणीतरी हुंदका दाबल्यासारखं कुंईं.

"हीच की रं."

"मला सकाळीच ठाव हुतं."

"मग बोलला का न्हाईस?"

"बोललो असतो तर तू झोपला असतास का?"

आण्णाप्पा हात पुढं करतो. रसाचा पेला हातात येतो, गार नाही, गरम नाही. "बस की जरा, मिऱ्या."

"दुसरा माणूस बघ, आण्णू."

"तुझ्यागत कान कुणाला हाय?"

"मला कुठं काय ऐकू यायचं? तू मान हलवलीस की दाबायचो." मिरासाहेब हसू दाबतो. एक हात पाठीमागं लपवलेला.

आण्णाप्पा जागा होतो. पुढची सीट रिकामी. कानाला काहीतरी ओशट लागतं. आरशात बघतो तर कानाभोवती काळं गोल कडं. स्क्रूड्रायव्हरची मूठ तर स्वच्छ. ग्रीसचा डबा फळीवर, झाकणावर धूळ.

तो कान पुसत नाही. धूळ फुंकतो, झाकण उघडतो, बोटभर ग्रीस मुठीला चोपडतो. मग समोरच्या पानवाल्याला हाक मारतो.

"तात्या, जरा या की. तुम्ही ऐका, मी दाबतो. तिसऱ्या पुलीवर."

तात्या वाकतात, मुठीला कान लावतात. आण्णाप्पा मिरासाहेबाच्या जागेवर बसून दाबतो.

"व्हय रं, हीच रडतीया," म्हणत तात्या मान वर करतात. कान काळाकुट्ट.

आण्णाप्पा सवयीनं मिरासाहेबाला डोळा मारायला शेजारी वळतो. शेजारची सीट रिकामी.