तळहातावरचा उजेड

दोन हजार एकवीस साली मी एकाहत्तर वर्षांचा होतो. पिंपळगावात बॅटऱ्या दुरुस्त करणारा एक जण बसायचा. कुठलाही एलईडी बसवायच्या आधी तो स्वतःच्या तळहातावर उजेड पाडून बघायचा. हात मेलेल्या माणसासारखा हिरवट दिसला की तो एलईडी बाजूला फेकायचा. लोक चेष्टा करायचे, "काय ज्योतिषी, लग्न कधी हाय?" तो पुढचा एलईडी तळहातावर धरायचा.

आमच्या कांदा साठवायच्या चाळीतून वास येतोय, असं म्हातारी, माझी बायको, सारखं सांगत होती. मी चाळीच्या फटीतून बॅटरी मारायचो आणि कांदा चांगला हाय म्हणून तिला गप करायचो. शेवटी तिच्या कटकटीला कंटाळून मी त्याच्याकडं गेलो.

"ह्या बॅटरीला आणखी लख्ख करून दे."

त्यानं आपल्या जेवणाच्या डब्यातला कांदा टेबलाखाली अंधारात धरला आणि माझी बॅटरी मारली. कांदा मातकट दिसला. मग त्यानं स्वतःची पिवळसर बॅटरी मारली, तर तोच कांदा लालभडक.

"उजेड भरपूर हाय, बाबा. पण ह्यात लालच दिसत नाय, तर सडका कुठला न् चांगला कुठला, कसं कळणार?"

"माझे डोळे चांगले हायेत."

"डोळ्यांना कोण बोललं?"

त्यानं हातावर बघून दुसरा एलईडी बसवला. उजेड आधीपेक्षा कमी होता. मी तसं सुनावलं.

"कमीच हाय," तो म्हणाला. "चाळीत मारून बघा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फटीतून बॅटरी मारली. लाल कांद्यांत काळे पडलेले कांदे वेगळे दिसले. मी चाळ फोडून कांदा बाहेर काढला आणि म्हातारीला निवडायला हाक मारली.