कोंबड्यांच्या पुस्तकाचं कव्हर

दौंडच्या वाचनालयातल्या आप्पांनी मला मदत केली, हे आधीच सांगून टाकतो. मागून सांगायला गेलो की माझं बोलणं भरकटतं आणि उपकाराचं तेवढं राहून जातं.

पुस्तकाला कुणी हात लावला की आप्पा विचारायचे, "हात पुसलं का?" मास्तर असो, वकील असो. पुस्तक देताना ते चारही कोपऱ्यांवरून अंगठा फिरवायचे, बाजारात विकलेल्या म्हशीच्या पाठीवरून शेवटचा हात फिरवावा तसा. पुस्तकापेक्षा त्याच्या कव्हरावर जास्त जीव असलेला असा शिपाई तुम्हीही पाहिला असेल. एका बाईंनी चांगली कादंबरी मागितली, तर म्हणाले, "ही न्या. हिचं कव्हर लई मजबूत हाय."

मी तेव्हा शिक्रापूरला कंपनीत होतो. गाव लांब, बीडकडं. शाळा सातवीत सुटलेली. त्या वर्षी धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं. वडील ऊसतोडीला पाटसच्या कारखान्यावर यायचे. ती रांगत होती तेव्हाच ते वारले. मी तिच्याहून थोडाच मोठा, मलाही त्यांचा चेहरा आठवत नाही. घरात एकही फोटो नव्हता. मांडवात वारलेल्या बापाचा फोटो खुर्चीवर ठेवतात. बहिणीनं फोनवर विचारलं, "दादा, आपली खुर्ची मोकळीच ठेवायची का?"

मग आई बोलली. "तुझी बहीण जन्मली त्या साली कारखाना चालू करताना पेपरात त्यांचा फोटू आला व्हता. बैलगाडीपाशी."

पेपर म्हणजे दौंडचं एक साप्ताहिक, केव्हाच बंद पडलेलं. सायबर कॅफेत नाव टाकून बघितलं, काही आलं नाही. पुण्याच्या मोठ्या ग्रंथालयात फोन केला, तर ते म्हणाले, तालुक्याचे पेपर आम्ही ठेवत नाही. उरलं दौंडचं वाचनालय. गुरुवारची कंपनीची सुट्टी धरून गेलो आणि दारातच थांबलो. शाळेचा दाखला मागतील असं वाटत होतं.

"आत या की. दारात काय मुहूर्त बघताय?" आप्पा म्हणाले.

मी जुन्या अंकांचं विचारलं.

"हायत की. समदं हायत."

"कुठं?"

त्यांनी कपाटांकडं बोट केलं. मला पुस्तकांशिवाय काही दिसेना.

"त्यांच्या अंगावर," आप्पा म्हणाले.

शेजारीच त्या साप्ताहिकाचा छापखाना होता. उरलेले अंक फुकट यायचे, आणि आप्पा ज्या वर्षी पुस्तक येईल त्या वर्षीच्या अंकाचं कव्हर घालायचे. नीट गठ्ठे बांधून ठेवलेले अंक पुढं कुणीतरी रद्दीत घातले. कव्हरं तेवढी वाचली.

"बहीण कंच्या सालची?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. "मग ह्या कपाटाचं खालचं दोन खण."

पुढचे कितीतरी गुरुवार आम्ही तिथं बसलो. मला ते हात लावू द्यायचे नाहीत. झोपलेल्या पोराचा सदरा काढावा तसं एकेक कव्हर उतरवायचे, मोठ्यानं वाचायचे, परत घालायचे. "हे बघा, मंगल कार्यालयाचं उद्घाटन. आता तितं गॅरेज हाय." कधी बातमी मध्येच तुटायची.

"पुढचं?"

"पुढचं कापलंय. कातरी मारल्याबगर कव्हर बसत न्हाई."

दर वेळी मला वाटायचं, त्या कापलेल्या कोपऱ्यात माझा बाप गेला असेल तर?

सापडला तो कुक्कुटपालनाच्या पुस्तकावर. हार घातलेले पाहुणे, हातात नारळ, मागं बैलगाडी. बैलांच्या दोन बाजूंना दोन माणसं.

"ह्यातलं वडील कंचं?" आप्पांनी विचारलं.

"माहीत न्हाई," मी म्हणालो.

 आप्पांनी कव्हर परत पुस्तकावर चढवलं. मला वाटलं, संपलं.

"कव्हर भाईर न्यायला परवानगी न्हाई," ते म्हणाले. "पुस्तक न्यायला हाय. मेंबर व्हा. शिक्षण किती?"

"सातवी. तीबी अर्धी."

"बास हाय की. पुस्तक कोंबड्यांचं हाय."

गावी आईनं चष्मा लावून बराच वेळ पाहिलं आणि डाव्या माणसावर बोट ठेवलं. "हे. बाकी समदे फोटूवाल्याकडं बघत्यात, ह्यांचं ध्यान बैलाच्या पायाकडं. त्या बैलाचा खूर दुखायचा." स्टुडिओवाल्यानं स्कॅन करून फोटो मोठा केला. जवळून नुसते ठिपके दिसायचे, चार पावलं मागं सरकलं की माणूस. लग्नात खुर्ची मोकळी राहिली नाही.

पुस्तक परत करताना मी खाकी कागदाचं नवं कव्हर घातलं आणि जुना अंक वेगळा घडी करून नेला. आप्पांनी कोपऱ्यांवरून अंगठा फिरवला.

"कव्हर हाय ना? मग झालं. कंचं असावं ह्याचा नियम न्हाई. तो कागद तुमच्यापाशीच ऱ्हाऊ द्या." मग म्हणाले, "पण घातलंय अगदी भिकार." आणि माझं कव्हर काढून त्यांनी ते पुन्हा घातलं.

पुढं त्यांचे गुडघे गेले. नोकरी संपल्यावर ते सोलापूरला लेकीकडं राहायला गेले आणि तिकडंच वारले. मला उशिरा कळलं. मी वाचनालयात गेलो, तर त्यांच्या खुर्चीवर एक नवीन मुलगा होता. प्लास्टिकची कव्हरं येणार आहेत, जुनी काढून टाकणार, असं तो म्हणाला. मी त्याला थोडं थांबायला सांगितलंय. थांबतो म्हणाला, पण किती दिवस ते माहीत नाही.

आप्पा, तुमचं देणं मी फेडीन. गुरुवारी येऊन बसेन, एकेक कव्हर उतरवीन, सरळ करीन आणि फोटो काढून कॉम्प्युटरवर चढवीन. उद्या कुणी आपला बाप शोधायला सायबर कॅफेत बसला, तर त्याला काहीतरी दिसलं पाहिजे. तुम्ही कापलेले कोपरे मात्र मला जोडता येणार नाहीत. त्याबद्दल कुणी भांडायला आलं, तर मी तुमचंच नाव सांगणार.