अमानतीच्या कोंबड्या

कोंबड्यांना सेवाज्येष्ठतेनुसार घरं वाटून देणारा माणूस साऱ्या हिंदुस्थानात एकच असेल, आणि तो माझा सासरा आहे. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही, कौतुक म्हणूनही नाही. पुण्याहून लग्न होऊन हैदराबादच्या जामबागेतल्या या घरात आल्यापासून मी त्यांना जवळून पाहतेय आणि माझं असं मत झालंय, की सरकारने त्यांना निवृत्त केलं खरं, पण त्यांनी सरकारला अजून निवृत्त केलेलं नाही. रस्ते-इमारती खात्यात ते ड्राफ्ट्समन होते. उभ्या आयुष्यात त्यांनी शाळांचे, दवाखान्यांचे, तहसील कचेऱ्यांचे नकाशे काढले आणि एकही वीट स्वतःच्या हाताने उचलली नाही. कानामागची पेन्सिल मात्र अजून तिथेच आहे. न्हाव्याने केस कापण्याआधी ती मागून घ्यावी लागते. घरातली कुठलीच वस्तू त्यांना सरळ वाटत नाही. देव्हाऱ्याला त्यांनी ओळंबा लावून पाहिलाय. नवा फ्रीज आला तेव्हा आत दुधाचं पातेलं ठेवायच्या आधी वर पाणसळ ठेवली गेली. मी पोळ्या लाटत असले, की दारात उभे राहून म्हणतात, "बाई, पोळपाट डावीकडं झुकायलाय बघ. पोळी एका अंगाला जाड होऊ लागली." वाईट एवढंच, की ती खरंच झालेली असते.

आमच्या भिंतीपलीकडे आपा राहतात. वयाने त्या सासऱ्यांपेक्षा लहान, पण सगळी गल्ली त्यांना आपा, म्हणजे थोरली बहीण, म्हणते म्हणून तेही म्हणतात. माझ्या सासूबाई होत्या तेव्हा त्या भिंतीवरून दिवसभर येजा चालायची. इकडून पुरणपोळ्या जायच्या, तिकडून शीरखुर्मा यायचा, आणि मधल्या वेळात जगाची उणीदुणी. सासूबाई गेल्या आणि भिंतीवरून वाट्या जायच्या थांबल्या. उरलं ते सासऱ्यांचं आणि आपांच्या कोंबड्याचं भांडण. कोंबडा फार लवकर आरवतो अशी यांची तक्रार. सकाळी भिंतीशी जाऊन खणखणीत आवाजात सांगायचे, "आपा, आज भी टाइम से पहले!" आतून उत्तर यायचं, "तो क्या करूं भाई साब, उसकू घड़ी बाँधूं?" पुढे तो कोंबडा कुठल्याशा दावतीत कामी आला. सासऱ्यांना हवी तशी शांत झोप मिळाली, आणि सगळा आठवडा ते चहा घेताना गप्प गप्प होते.

अशा माणसाच्या दारात एके सकाळी आपा पाच कोंबड्यांची टोपली घेऊन उभ्या राहिल्या. शिकागोच्या सुनेचं बाळंतपण करायला त्या निघाल्या होत्या. "भाई साब, मैं जारूं बेटे के पास. ये मुर्गियाँ आपके पास अमानत. रिश्तेदाराँ में किसीकू देती तो हफ्ते में सालन हो जाता. आप लोगाँ खाते नईं, इसके वास्ते आपकूच देरूं." आमच्या घरात अंडंसुद्धा उंबऱ्याच्या आत आलेलं नाही. मी नाही म्हणायला तोंड उघडलं होतं. पण 'अमानत' हा शब्द ऐकल्याबरोबर सासऱ्यांनी टोपली दोन्ही हातांनी घेतली. जुन्या हैदराबादी माणसापुढे हा शब्द टाकला, की पुढे बोलण्यासारखं काही उरतच नाही. दुसऱ्याची वस्तू आपल्याकडे आली, आता ती जशीच्या तशी परत जाईपर्यंत आपल्याला स्वस्थ झोप नाही. सासऱ्यांनी आपांना एवढंच सांगितलं, "पाच की पाच वापस मिलेंगे." आपा निश्चिंत मनाने गेल्या आणि आमच्या घरातली निश्चिंती त्यांच्याबरोबरच विमानात बसली.

दुसरा कोणी असता तर हातोडी घेऊन अंगणात गेला असता. सासरे आबिड्सच्या बाजारात गेले आणि ड्रॉइंगचे कागद घेऊन आले. पुढचे कित्येक दिवस जेवणाच्या टेबलावर खुराड्याचा नकाशा पसरलेला होता आणि कोंबड्या आमच्या न्हाणीत मुक्कामाला होत्या. आम्ही हात-पाय धुऊन ऑफिसला जात होतो, एवढंच. मी 'खुराडं' म्हटलेलं त्यांना खपायचं नाही. "खुराडं गलत शब्द आहे. ते निवासस्थान आहे." नकाशात छज्जा होता, झरोके होते, पावसाचं पाणी जायला पन्हळ होती, आणि समोर जाळीचं लांबलचक आवार होतं. आत पाच खोल्या. प्रत्येक कोंबडीला एक. माझ्या नवऱ्याने भीत भीत विचारलं, "बाबा, वेगवेगळ्या कशाला?" ते म्हणाले, "कॉमन क्वार्टर दिलं की भांडणं होतात. आम्ही आयुष्यभर बघितलंय." पाचांत जी म्हातारी होती, जिला आपा बुढ्ढी म्हणायच्या, तिला कोपऱ्यातली सकाळच्या उन्हाची खोली मिळाली. त्याखालोखाल बाकीच्या. सगळ्यांत धाकटी चांदनी, पांढरी, पंखांवर करडे ठिपके, तिच्या वाट्याला पश्चिमेची. नवीन भरतीला तेच मिळतं म्हणे.

मग प्रत्यक्ष बांधकाम सुरू झालं आणि आयुष्यभर नकाशे काढलेल्या हाताला खिळा म्हणजे काय ते कळलं. पहिल्या दिवशी अंगठा, दुसऱ्या दिवशी दुसरा अंगठा. जुन्या कपाटाच्या फळ्या, माळ्यावरच्या पलंगाचे पाय, सासूबाईंच्या शिवणयंत्राचं लाकडी झाकण, असं घरातलं काय काय त्या निवासस्थानात गेलं. मी मदतीला फळी धरायची, ते पाणसळ लावायचे, पाणसळीतला बुडबुडा केसभर सरकलेला असायचा आणि ठोकलेले खिळे पुन्हा उपटले जायचे. "कोंबड्यांना काय कळतंय हो बाबा," असं मी एकदा म्हणाले. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "कोंबड्यांना कळू नको दे. मला कळतंय ना."

अखेर निवासस्थान उभं राहिलं, आणि खरं सांगते, गल्लीतल्या अर्ध्या घरांपेक्षा सरळ होतं. संध्याकाळी प्रत्येक कोंबडीला उचलून तिच्या तिच्या खोलीत ठेवण्यात आलं. थोड्या वेळाने बघतो तर पाचही जणी चांदनीच्या पश्चिमेच्या खोलीत एकमेकींच्या अंगावर कोंबून बसलेल्या. सासऱ्यांनी पुन्हा वाटप केलं. पुन्हा तेच. अंडी घालायची वेळ आली तर त्याच एका खोलीसमोर रांग. आतली उठेपर्यंत बाहेरच्या दोघी कटकट करत उभ्या, पण शेजारच्या रिकाम्या खोलीत पाऊल टाकणार नाहीत. सासरे स्टूल घेऊन बरेच दिवस समोर बसून पाहत होते. मग एका सकाळी त्यांनी चारही मधल्या भिंती स्वतःच काढून टाकल्या आणि आडवी एक लांब दांडी बसवली. मला म्हणाले, "नकाशात चूक नव्हती बाई. राहणाऱ्यांना कुणी विचारलं नव्हतं." सासूबाई गेल्यापासून ते आपल्या खोलीत एकटेच जेवायचे. त्या दिवशी त्यांनी आतून आवाज दिला, "माझं ताट बाहेरच वाढ." याचा कोंबड्यांशी काही संबंध आहे असं मी त्यांच्यासमोर कधी म्हणणार नाही. पण ताट वाढताना माझे डोळे भरून आले होते.

अंड्यांचा प्रश्न वेगळाच. अंडी कुणाची? कोंबडी अमानत, मग अंडंही अमानत, असा सासऱ्यांचा हिशेब. अंडी साठू लागली. नवरा म्हणाला, "बाबा, आपा येईपर्यंत यातून वास येईल, दुसरं काही यायचं नाही." तेव्हा शिकागोला फोन लागला. तिकडे आपा इतक्या हसल्या, की मागून बाळ रडायला लागलं. "अल्ला! बाँट देव भाई साब, गल्ली में बच्चे हैं ना!" तेव्हापासून आमचे कट्टर शाकाहारी सासरे, अंड्याला हात लावायला नको म्हणून जुने हातमोजे घालून, दारोदार अंडी वाटत फिरू लागले. कितीतरी वर्षं ज्यांच्याशी मान हलवण्यापलीकडे बोलणं नव्हतं, अशा दारांत त्यांच्यासाठी खुर्ची टाकली जाऊ लागली.

घात झाला तो सकाळच्या वेळी. कोंबड्या जाळीच्या आवारात सोडून सासरे पूजेला बसले होते. कलकलाट झाला. आम्ही धावलो, तोवर मुंगूस जाळीखालून आलं होतं आणि चांदनी गेली होती. चारही बाजूंना जाळी होती, वरूनही होती. खाली नव्हती. सासरे त्या उकरलेल्या भोकाशी सोवळ्यानेच उकिडवे बसले. "नकाशात जमीन म्हणजे नुसती एक रेघ असते," ते म्हणाले. "तिच्या खालून कुणी येईल असं कधी मनातच आलं नाही." दिवसभर ते जेवले नाहीत. माझा नवरा व्यवहारी माणूस. संध्याकाळी तो बाजारातून तशीच एक पांढरी, करड्या ठिपक्यांची कोंबडी घेऊन आला. व्हिडिओ कॉलवर आपांना फरक कळला नसता. मलाही आधी कळला नाही. सासऱ्यांनी तिला पाणी दिलं, दाणे दिले आणि मुलाला म्हणाले, "हिला जिथून आणलं तिथं सोडून ये. अमानत बदलून देता येत नसते."

मग त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला. फोनवर बोलायला इस्त्रीचा शर्ट घातलेला माणूस मी तेवढाच पाहिलाय. आपांचा चेहरा पडद्यावर आला आणि हे उभे राहिले. "आपा, मेरेसे गलती हुई. आपकी चांदनी गई. मुंगूस ले गया. जाळी मैंच लगाया था." आपांनी ओढणीचं टोक डोळ्यांना लावलेलं मी पाहिलं. मग त्या म्हणाल्या, "भाई साब, मुर्गियाँ हैं. रखे तो जाते भी हैं. मेरे हाथ से कित्ते गए. आप खाना खाए क्या नईं?" मीच मागून ओरडले, "नईं खाए, आपा!" त्यावर शिकागोहून आमच्या घरातल्या कर्त्या पुरुषाला जी बोलणी बसली, ती मी इथे लिहीत नाही. ते मुकाट्याने जेवायला बसले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आवाराच्या कडेने चर खणला, त्यात जाळी खोल पुरली, वर दगड बसवले. चौघी राहिल्या होत्या. त्या चौघींसाठी सासरे अंगणातच पेपर वाचू लागले, दाढी अंगणातच करू लागले. आता एकही कमी होऊ द्यायची नाही, एवढंच त्यांच्या आयुष्यात उरलं होतं.

आपा आल्या त्या राहायला नव्हे, आवरायला. मुलाने कायमचं तिकडे बोलावलं होतं. घर भाचा सांभाळणार होता. सासऱ्यांनी चौघींचे पाय पुसून त्यांना टोपलीत घातलं आणि पलीकडे नेऊन दिलं. "अमानत. एक कम है," म्हणाले. आपांनी बुढ्ढीला उचलून छातीशी धरलं. इकडे सासरे अंगणात येऊन पेपर उघडून बसले. बराच वेळ पान काही उलटलं नाही. दिवस कलला आणि भिंतीवर फडफड झाली. आधी बुढ्ढी, मग एकेक करत बाकीच्या, भिंत ओलांडून आमच्या अंगणात उतरल्या आणि कुणाला न विचारता आपल्या दांडीवर जाऊन बसल्या. सासरे घाबरले. परत केलेली अमानत आपल्या घरात! त्यांनी दोन्ही बगलांत दोन दोन कोंबड्या धरल्या आणि आपांचं दार वाजवलं. दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा तेच. तिसऱ्याही. रोज संध्याकाळी ते कोंबड्या पोचवायला जायचे, आपा चहा ठेवायच्या, आणि सासूबाई गेल्यापासून ज्या घराची पायरी ते चढले नव्हते, तिथे बसून दोघं सासूबाईंच्या गोष्टी काढायचे. हसण्याचे आवाज मला स्वयंपाकघरात ऐकू यायचे.

जायच्या आदल्या दिवशी आपा स्वतःच आमच्या अंगणात आल्या. कोंबड्या दांडीवर बसल्या होत्या. आपांनी वाकून आत पाहिलं, फळ्यांवरून हात फिरवला. शिवणयंत्राचं झाकण त्यांनी ओळखलं असावं, कारण हात तिथे थांबला. "भाई साब," त्या म्हणाल्या, "अब ये आपकेच हैं. मैं खुशी से देरूं. अमानत खतम."

सासऱ्यांनी जोरात मान हलवली. "नक्को आपा. ऐसा नक्को बोलो. मेरे हो गए तो आपकू वापस आने का कुछ कामच नईं रहता."

आपांनी ओढणी सारखी केली. मग म्हणाल्या, "हौ. तो फिर अमानतच है. संभाल के रखो, आके लेऊँगी."

दोघांची वयं मला माहीत होती, शिकागो किती लांब आहे तेही माहीत होतं. त्यांनाही होतंच. सासऱ्यांनी निवासस्थानाच्या दाराची कडी लावली, ओढून पाहिली आणि म्हणाले, "चलो, घर तक छोड़ता हूँ." आपांचं घर म्हणजे आमच्या फाटकातून बाहेर पडून वळलं की लगेच पुढचं फाटक. ते दोघं हळूहळू गल्लीत गेले. मी ताटं मांडली होती ती झाकून ठेवली आणि दारात उभी राहिले. सासऱ्यांना परत यायला बराच वेळ लागला.