शेवटचा संपर्क: एक मिनिटापूर्वी

खात्रीकाका हे नाव आम्हीच पाडलं. टेलिफोन केंद्रात ते माझे साहेब होते. स्क्रू घट्ट बसला तरी विचारायचे, "खात्री केलीस?" केली म्हटलं की स्वतः येऊन पुन्हा पिळायचे. नऊ वर्षं त्यांच्या हाताखाली काढली, त्यातली निम्मी मनातल्या मनात चरफडण्यात गेली. आता ते निवृत्त आहेत, माझ्याच इमारतीत वरच्या मजल्यावर एकटे राहतात, आणि जिन्यात भेटले की अजूनही विचारतात, गॅस बंद केलास का.

काकू गेल्या त्याला दोन वर्षं झाली. त्याच महिन्यात मुलगा म्हणाला, "बाबा, घर विका आणि माझ्याकडे चला." काका म्हणाले, "माझी काळजी करायला तुला मी नेमलेलं नाही." मुलगा दुसऱ्याच दिवशी विमानाने परत गेला. त्यानंतर दोघांत हूं की चूं नाही. बापलेक दोघेही हट्टाला पेटलेले, मध्ये पडणाऱ्याने आपलंच डोकं फोडून घ्यायचं.

एक धागा मात्र राहिला होता. मुलाने पूर्वी कधीतरी काकांच्या कपाटावर एक छोटा संगणक बसवला होता, साबणाच्या डबीएवढा. राउटरचं काम करणारा, ना स्क्रीन ना कीबोर्ड. तसाच दुसरा त्याच्या घरी. दोन्ही डब्यांमध्ये इंटरनेटवरून एक खासगी वाट, घरचे फोटो इकडून तिकडे पाठवण्यासाठी. फोटो थांबले, वाट राहिली. काका रोज सकाळी लॅपटॉपवर त्या डब्याचं पान उघडायचे आणि एकच ओळ वाचायचे: 'शेवटचा संपर्क: एक मिनिटापूर्वी.' म्हणजे मुलाने तिकडचा डबा अजून काढून फेकलेला नाही. एवढ्यावर त्या माणसाचा दिवस निघायचा. हे कळलं तेव्हा मला त्यांचा राग आला, आणि फार वाईटही वाटलं.

मंगळवारी वीज गेली, आली, आणि डबा काही उठला नाही. दिवा लागत होता, पान उघडत नव्हतं. सगळं पुसून नव्याने बसवणं सोपं होतं, पण मग आत साठवलेली त्या वाटेची किल्ली गेली असती आणि नवी मुलाकडे मागावी लागली असती. काकांनी मला बोलावलं. "डोळे तुझे, डोकं माझं," म्हणाले.

अशा डब्याला शेवटचा एक दरवाजा असतो, सिरियल कन्सोल. बोर्डावरच्या तीन पिनांना तीन वायरी लावून लॅपटॉपला जोडायच्या, की यंत्र उठताना जे पुटपुटतं ते स्क्रीनवर दिसतं आणि आपल्याला त्याला हुकूम देता येतो. आधी काहीच दिसेना; बोलायची आणि ऐकायची वायर उलटी लागली होती. मग नुसती गिचमिड; काकांनी जुन्या यंत्रांचा वेग ठेवला होता आणि हे बेटं बारा पट वेगाने बोलत होतं. तेही जुळवलं आणि ओळी धावू लागल्या. शेवटची ओळ अशी की मेमरी कार्डात बिघाड आहे, दुरुस्तीसाठी एंटर दाबा.

काकांनी एंटर दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. यंत्राचं सगळं आम्हाला कळत होतं, आमचं त्याला काहीच पोचत नव्हतं. पिना घासल्या, वायरी बदलल्या. दुपारचे तीन वाजले. काकांच्या हातून वायर दोनदा पिनेवरून निसटली. इतके म्हातारे ते मला कधी दिसले नव्हते. शेवटी सेटिंगचं पान मीच उघडलं. लॅपटॉपवरच्या प्रोग्रॅमला सांगून ठेवलं होतं की समोरून 'तयार आहे' अशी खूण येईपर्यंत काहीही पाठवू नकोस. ती खूण वेगळ्या वायरींवरून येते, आणि आमच्याकडे होत्या तीनच. केंद्रातल्या मोठ्या यंत्रांवर काकांनी तीस वर्षं ही अट चालू ठेवली, खात्रीशिवाय एक अक्षर पुढे जाऊ नये म्हणून. आजही सवयीने तीच टाकली होती.

अट काढली. एंटर. यंत्राने ऐकलं, कार्डाची दुरुस्ती झाली. आता एक हुकूम दिला की वाट सुरू. काकांनी हात मागे घेतला.

"राहू दे," म्हणाले. "आपला डबा बंद आहे हे त्याला तिकडे दिसत असेल. बघू, फोन करतो का."

"आणि नाही केला तर?"

"तर खात्री होईल."

दोन दिवस फोन त्यांच्या हातातून सुटला नाही. आंघोळीला गेले तरी तो बाहेर स्टुलावर, आवाज पूर्ण मोठा. एकदा वाजला, तो गॅसवाल्याचा. शुक्रवारी सकाळी त्यांनी मला बोलावून माझ्यासमोर तो हुकूम दिला. काही सेकंदांत ओळ आली, 'शेवटचा संपर्क: आत्ताच.' काकांनी ती दोनदा मोठ्याने वाचली.

"डबा डब्याशी बोलतोय," म्हणाले. "बघणारं कुणी नाही."

मला राहवलं नाही. "काका, फोन तुमच्याकडेही आहे. नंबर लावा, नाहीतर मी लावते." इतक्या वर्षांत त्यांच्यावर पहिल्यांदाच आवाज चढवला.

त्यांनी लावला. कमी ऐकू येतं म्हणून स्पीकरवर. दुसऱ्याच रिंगला उचलला गेला. काका "मी बोलतोय" एवढंच म्हणाले. मग मुलगा म्हणाला, "मंगळवारपासून तुमची लाइन बंद दिसत होती. मी सारखा बघत होतो, बाबा. मला वाटलं, तुम्ही मला काढून टाकलंत."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. वीज गेली होती एवढं सांगून सुटता आलं असतं.

"बिघाड झाला होता," ते म्हणाले. "पण तो त्याच दिवशी दुरुस्त झाला. नंतर मीच बंद ठेवला. तू फोन करतोस का, ते बघायला."

"आणि मी केला नाही," मुलगा म्हणाला.

"नाही केलास," काका म्हणाले. "मीही दोन वर्षं नाही केला."