सरड्याची वामकुक्षी

तैवानमधल्या चियायीच्या प्राथमिक शाळेत पी-यूनबाईंनी शिपाईण म्हणून एकतीस वर्षं काढली. दुपारी साडेबाराला त्या वर्गावर्गांतले दिवे मालवत आणि मुलं बाकांवर डोकी टेकून झोपत. जेवणानंतर झोपल्याशिवाय खाल्लेलं अंगी लागत नाही, यावर बाईंची श्रद्धा देवळातल्या देवाहून जरा जास्तच होती.

नात पेइशान काओश्युंगला कॉलेजात गेली. वसतिगृहात प्राणी चालत नसल्यानं तिचा दाढीवाला सरडा आजीकडे राहिला. त्याचं नाव ताऊके, म्हणजे शेठ. काचेच्या पेटीत दिव्याखाली बसून तो दिवसभर आजीच्या कामात खोट काढल्यासारखा बघायचा. नवरा गेल्यापासून असं बघणारं घरात कुणी नव्हतं. बाईंना करमू लागलं.

शेठचं जेवण म्हणजे डब्यात पाळलेली झुरळं. बारकीच घाल, असं नातीनं बजावलं होतं. पण पाहुण्याला कुणी लहान कोळंबी वाढतं का? बाई नेमकी मोठी, पंखवाली, खडखडीत झुरळं चिमट्यानं भरवत आणि मग दिवा मालवून पेटीवर टॉवेल टाकत.

सहाव्या दिवशी शेठनं तोंड फिरवलं. तोवर त्याचं पोटही एकदा साफ झालं नव्हतं. नातीचा फोन आला तेव्हा झोपलाय म्हणून सांगून बाईंनी त्याला टोपलीत घातलं आणि प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

त्यांनी पोट चाचपलं. "मावशी, जेवल्यावर दिवा कोण घालवतं?"

"मीच. झोपायला नको त्याला?"

"त्याचं पोट उबेवर चालतं, मावशी. दिवा गेला की चूल विझली."

मोठं झुरळ वर्ज्य नाही, असं त्यांनी समजावलं. पण ते त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा रुंद नको. आधी डोकं चेपून पंख आणि काटेरी पाय काढायचे. नुकती कात टाकलेली पांढरी असली तर सर्वांत मऊ. जेवणानंतर दोन तास दिवा हवाच, आणि उरलेली झुरळं उचलायची. नाहीतर रात्री तीच शेठला कुरतडतील. तूर्त रोज कोमट पाण्यात बसवा.

बाई तीन दिवस घमेल्यात त्याचं पोट चोळत बसल्या. तिसऱ्या दिवशी पाणी घाण झालं. इतकं देखणं घाण पाणी त्यांनी शाळेतही पाहिलं नव्हतं.

मग त्यांनी नातीला फोन लावून सगळं कबूल केलं.

"तेव्हाच का नाही सांगितलंस, आजी?"

"तू त्याला दुसरीकडे ठेवलं असतंस."



"पंख तू हातानं काढतेस?"

"मग काय पायानं?"

"मला मोठ्या झुरळांना हात लावायची अजून किळस येते गं. म्हणून तर बारकी सांगितली होती. शनिवारी येते. शिकव मला."

"ये," बाई म्हणाल्या. "पण जेवल्यावर दोन तास त्याच्यापाशी बसावं लागतं. आडवं व्हायचं नाही."